पाण्यातले विष वेचणारे दाणे

पाणी उकळून प्यावे, हे आता आपल्या वस्तीतल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. उकळल्याने कावीळ, हगवण, टायफॉइड, पटकी यांचे जंतू मरतात आणि ते केलेच पाहिजे. पण पाण्यात शिसे, पारा, कॅडमियम किंवा आर्सेनिक विरघळलेले असेल तर कितीही उकळा, त्यातले काही कमी होत नाही. उलट पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात विषाचे प्रमाण थोडे वाढतेच. क्लोरिनचे थेंब टाकून उपयोग नाही, चौपदरी फडक्यातून गाळून नाही, आणि घरात तुरटी फिरवून भरवसा ठेवावा असे काही होत नाही. जंतू जिवंत असतो म्हणून त्याला मारता येते. धातू मरत नाही, त्याला पाण्यातून बाहेरच काढावे लागते.

बाहेर काढण्याचे जे मार्ग आहेत त्यांतला एक म्हणजे पॉलिमरचे बारीक दाणे. पाण्याचे यंत्र विकणारे त्याला 'रेझिन' म्हणतात. हे दाणे खरेच काम करतात का, की ही आणखी एक फसवणूक? दाणे खरे आहेत आणि त्यांचे कामही खरे आहे. पण ते कोणत्या पाण्यात, कोणत्या विषावर आणि किती दिवस चालते हे न समजता पैसे टाकले तर पैसे जातात आणि विष पोटात जायचे ते जातेच. म्हणून आधी दाण्यांचे काम समजून घेऊ.

दाण्यावरच्या जागा

हातात घेतले तर राजगिरा वाटावा असे हे दाणे असतात. रंग मधासारखा, आकार एक मिलिमीटरच्या आतबाहेर. बहुतेक दाणे पॉलिस्टायरीनचे असतात, म्हणजे थर्माकोलच्याच कुळातले. फरक असा, की या दाण्यांतल्या साखळ्या एकमेकींत जाळ्यासारख्या गुंतवलेल्या असतात आणि त्या जाळ्यावर विद्युतभार असलेल्या लाखो-करोडो जागा रसायनाने जोडलेल्या असतात. नवीन दाण्यात अशा प्रत्येक जागेवर सोडियमचा एक कण बसलेला असतो, तोच सोडियम जो आपल्या मिठात असतो. शिसे मिसळलेले पाणी दाण्यांमधून गेले की शिशाचा कण दोन जागा धरतो, दोन सोडियम उठून पाण्याबरोबर निघून जातात. शिसे दाण्यात राहते, पाणी पुढे जाते. या अदलाबदलीला शास्त्रात आयन-विनिमय म्हणतात.

माणसाला ही युक्ती मातीने शिकवली. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांच्या लक्षात आले, की अमोनियाचे खत विरघळलेले पाणी मातीतून गाळले तर अमोनिया मातीत अडकतो आणि त्याच्या बदल्यात मातीतला चुना पाण्यात उतरतो. पुढे १९३५ मध्ये तिथल्याच ॲडम्स आणि होम्स या दोघांनी हेच काम करणारा पहिला कृत्रिम राळेसारखा पदार्थ बनवला. आजचे दाणे त्याचेच वंशज.

पण सगळे दाणे सारखे नाहीत, आणि गोंधळ इथेच होतो. बोरच्या पाण्यावर कपड्यांना फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही, अशा पाण्याला आपण 'जड पाणी' म्हणतो. शिसे-पाऱ्याला 'जड धातू' म्हणतात. शब्द एकच असला तरी दोन्हींचा काही संबंध नाही. जड पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम असते. त्याने साबण जास्त लागतो, पण ते विष नव्हे. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रात जे स्वस्त दाणे असतात ते हा चुना पकडण्यासाठी असतात. पाण्यात शिसे असले तरी त्याच्या हजारो पट चुना असतो, त्यामुळे त्या गर्दीतच दाणे भरून जातात. असे यंत्र शिसे काढते म्हणून कुणी विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

नेमका विषारी धातू निवडून पकडायचा असेल तर वेगळे दाणे लागतात. त्यांच्यावरच्या जागा धातूला दोन-तीन बाजूंनी चिमटीत धरतात. या प्रकारच्या पकडीला जे शास्त्रीय नाव आहे ते खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पडले आहे, आणि खेकडा ज्याने पकडला आहे त्याला ते लगेच पटेल. पाऱ्यासाठी गंधकाच्या जागा असलेले दाणे वापरतात, कारण पाऱ्याची गंधकाशी फार घट्ट जमते. हे दाणे महाग असतात आणि मुख्यतः कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी वापरले जातात.

सगळेच दाणे पेट्रोलियमपासून बनलेल्या प्लास्टिकचे असतात असेही नाही. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट चुन्याच्या क्षाराच्या पाण्यात थेंब-थेंब सोडले की प्रत्येक थेंबाचा मऊ मोती बनतो, आणि तो मोती शिसे-तांबे धरतो. कोळंबी आणि खेकड्याच्या फेकून दिलेल्या कवचांपासून कायटोसान नावाचा पॉलिमर मिळतो, तोही धातूला पकडतो. मद्रासच्या आयआयटीत टी. प्रदीप यांच्या गटाने कायटोसान आणि लोखंडाचे संयुग एकत्र करून आर्सेनिक गाळणारे साहित्य तयार केले, त्याला 'अमृत' हे नाव दिले आहे.

बंगालच्या हातपंपावर

दाण्यांची खरी परीक्षा झाली ती पश्चिम बंगालमध्ये, आणि ती कथा आपण नीट वाचण्यासारखी आहे.

तळ्याचे पाणी पिऊन पटकीने माणसे मरत होती म्हणून बंगालमध्ये, आणि पलीकडे बांगलादेशात, गावोगाव कूपनलिका खोदून हातपंप बसवले गेले. पाणी स्वच्छ दिसायचे, जंतूही नव्हते. पण हिमालयातून वाहत आलेल्या गाळात निसर्गतःच आर्सेनिक होते आणि ते भूजलात उतरत होते. त्याला रंग, वास, चव काही नाही. आर्सेनिक तसे पुरता धातू नव्हे, अर्धा धातू म्हणा, पण शरीरात शिरल्यावरची त्याची करणी जड धातूंसारखीच. वर्षानुवर्षे ते पाणी पिणाऱ्यांच्या छातीवर आणि पाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके उमटू लागले, तळहात-तळपायांवर कडक गाठी आल्या. पुढे काहींना कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग झाला. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये हे रुग्ण ओळखले आणि दोष पाण्याचा आहे हे पुढे आले. तोवर, आणि त्यानंतरही, अनेक गावांत लोकांनी तो महारोग समजला. मुलींची लग्ने मोडली, बायकांना माहेरी पाठवले गेले, माणसांना कामावर घेईनात. हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही. तरी अंगावरचा डाग पाहून माणसाला दूर बसवण्याची खोड आपल्या देशाला सांगावी लागत नाही.

अमेरिकेतील लीहाय विद्यापीठात शिकवणारे अरूप सेनगुप्ता यांनी शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या सहकाऱ्यांबरोबर १९९७ पासून या गावांत हातपंपालाच जोडायची गाळणी बसवायला सुरुवात केली. पंप मारला की पाणी आधी एका उभ्या टाकीत चढते, आतल्या थरातून उतरते आणि खालच्या तोटीतून घागरीत पडते. वीज लागत नाही, रोज रसायन घालावे लागत नाही. आधी त्या टाकीत ॲल्युमिनाचे खडे असत. २००४ पासून काही टाक्यांत त्यांच्या जागी नव्या प्रकारचे पॉलिमर दाणे आले.

हे दाणे नवे का होते? आर्सेनिक चुकवण्यात वाकबगार आहे. भूजलातल्या आर्सेनिकाच्या एका रूपावर विद्युतभारच नसतो, त्यामुळे साध्या दाण्याच्या जागा त्याला ओळखतच नाहीत. दुसऱ्या रूपावर ऋण भार असतो, पण पाण्यातले क्लोराइड आणि सल्फेट संख्येने इतके जास्त असतात, की ते आधी जागा पटकावतात. आर्सेनिकाची दोन्ही रूपे घट्ट चिकटतात ती लोखंडाच्या गंजाला. पण नुसती गंजाची भुकटी टाकीत भरली तर ती दबून चिखल होते आणि पाणी अडते. सेनगुप्तांच्या गटाने हा गंज अतिसूक्ष्म कणांच्या रूपात दाण्याच्या पोटातच भरला. दाणे नाचणीसारखे तपकिरी झाले. दाण्याच्या जाळ्यावर धन भार असल्याने ऋण भाराचे आर्सेनिक आत ओढले जाते, आतला गंज त्याला धरून ठेवतो, आणि दाणा टणक असल्याने पाणी मोकळे वाहते.

एका टाकीत सुमारे १०० लिटर दाणे असतात आणि त्यावर २०० ते ३०० घरे पाणी भरतात. भरलेले दाणे आपल्या आकारमानाच्या १०,००० पटींहून जास्त पाणी गाळतात, म्हणजे १० लाख लिटर. समजा २५० घरांनी पिण्या-रांधण्यासाठी रोज २० लिटर नेले, तर एका भरणीत सहा महिन्यांहून अधिक काळ निघतो. मग दाणे काढून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुतले जातात. त्या तीव्र अल्कलीत गंज आर्सेनिकला सोडून देतो आणि दाणे पुन्हा वापरायला तयार होतात.

पण धुतलेले ते विष कुठे गेले, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. गटारात सोडले तर ते फिरून कुणाच्या तरी घागरीत येणार, आणि ती घागर बहुधा गरिबाचीच असणार. बंगालमध्ये त्या धुवणातून आर्सेनिक लोखंडाबरोबर गाळ करून वेगळे काढतात. तो गाळ त्याच आवारात हवा खेळती राहील अशा जाड वाळूच्या थरावर ठेवला जातो. हवा का? कारण कचऱ्याच्या ढिगाखाली, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे गंज विरघळतो आणि आर्सेनिक पुन्हा मोकळे होते.

या कामाला २००७ मध्ये अमेरिकेतील ग्रेंजर चॅलेंजचे रौप्य पारितोषिक मिळाले, दोन लाख डॉलरचे. सुवर्ण मिळाले ते बांगलादेशात वाढलेले रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांच्या गाळणीला. ती म्हणजे दोन बादल्या, वाळू, लोखंडाचा कीस, कोळसा आणि विटांचे तुकडे! महागडे दाणे हाच एक रस्ता आहे असे समजू नका.

माझ्या मते बंगालच्या टाक्यांत दाण्यांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. त्या गावकऱ्यांच्या समितीने चालवल्या. घरटी थोडी महिन्याची वर्गणी, पाण्याची नियमित तपासणी, दाणे कधी धुवायचे याची नोंद, हे सगळे गावातली माणसेच करत. याच्या उलट काय होते तेही बंगालनेच दाखवले. जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये उत्तर २४ परगणा जिल्ह्यातल्या आर्सेनिक काढणाऱ्या १९ यंत्रणांचा दोन वर्षांचा हिशेब मांडला. देशी-परदेशी ११ कंपन्यांची ती यंत्रे होती. दर लिटरला १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा त्यांतले एकही यंत्र कायम पाळू शकले नाही. त्या काळची भारताची ढिली मर्यादा ५० मायक्रोग्रॅमची होती, तीही फक्त दोघांना जमली. यंत्र बसवले, फीत कापली, फोटो निघाले, पुढे देखभाल कुणाची हे ठरलेच नाही. ही गोष्ट ओळखीची वाटली तर नवल नाही.

आपल्या नळाला काय?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. बंगालसारखे सर्वदूर आर्सेनिक आपल्याकडे नाही, म्हणून घाबरून जायचे कारण नाही. आपल्याकडच्या विहिरी-बोरींची मुख्य दुखणी फ्लोराइड, नायट्रेट आणि क्षार ही आहेत. मात्र गडचिरोली-गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात भूजलात आर्सेनिक सापडल्याला २५ वर्षे होऊन गेली. सीमेच्या अलीकडच्या गावांनी आपली बोअर तपासून घेतलेली बरी.

शहरी वस्तीत शंका घ्यायची ती शिशाची. जुन्या जोडण्या, पितळी तोट्या, हलक्या प्रतीचे पीव्हीसी पाइप यांतून ते पाण्यात उतरू शकते. वस्तीजवळ जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळण्याचे काम चालत असेल तर धोका कितीतरी जास्त, पण तो बहुतेक धुळीतून आणि कामावरच्या कपड्यांतून येतो. तिथे पाण्याला गाळणी लावून मुलाचे रक्षण होणार नाही. कामाचे कपडे घराबाहेर बदलणे, वेगळे धुणे आणि मुलांचे हात जेवणाआधी साबणाने धुणे हे कोणत्याही दाण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. शिशाची सुरक्षित अशी मात्रा नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल फिकट दिसते, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही, सारखे पोट दुखते, अभ्यासात मागे पडत चालले आहे आणि घरी किंवा शेजारी असे काम आहे, तर मोठ्या रुग्णालयात रक्तातल्या शिशाची तपासणी करून मागा. डॉक्टरांना बॅटरीच्या कामाचे आवर्जून सांगा, ते आपण होऊन विचारतीलच असे नाही.

आता दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडे वळू. तो पेनाएवढे एक यंत्र पाण्यात बुडवतो, त्यावर ३५० आकडा येतो आणि तो म्हणतो, "ताई, बघा किती धातू आहेत तुमच्या पाण्यात!" तो आकडा म्हणजे टीडीएस, पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज. त्यात बहुतेक चुना आणि मीठच असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आर्सेनिकही तेवढेच. त्या यंत्राचा सगळ्यात लहान आकडा आहे एक मिलिग्रॅम, म्हणजे शिशाच्या मर्यादेच्या १०० पट. शिसे आहे की नाही हे त्या यंत्राला दिसूच शकत नाही. दुसरा खेळ विजेच्या सळ्यांचा. दोन सळ्या पाण्यात बुडवून वीज सोडली की पाणी लाल-काळे होते आणि घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. तो रंग पाण्यातला नसतो, सळीचे लोखंड झिजून त्यात उतरलेले असते.

आरओ यंत्र शिसे आणि आर्सेनिकही बऱ्यापैकी काढते, हे खरे. पण ते एक लिटर देताना दोन-तीन लिटर पाणी वाया घालवते, आणि ज्या वस्तीत दिवसाआड तासभर पाणी येते तिथे हे परवडणारे नाही. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी आणावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले होते. अतिनील किरणांचे यंत्र फक्त जंतू मारते, धातूवर त्याचा काही परिणाम नाही.

दाण्यांची गाळणी घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला स्वच्छ विचारा: हे दाणे कोणत्या धातूसाठी आहेत, कोणत्या प्रयोगशाळेचा कागद आहे, किती लिटरनंतर बदलायचे, आणि जुने दाणे कोण परत नेणार? 'सगळेच काढते' हे उत्तर आले तर चहा पाजून परत पाठवा. मुदत संपलेली गाळणी वापरत राहणे नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते. भरलेल्या दाण्यावर पाण्यातला दुसरा कण येऊन बसला की आधी धरलेले विष सुटून एकदम पाण्यात येते. शिवाय ओलसर दाण्यांत जंतू वाढतात, म्हणून आधी गाळणी आणि नंतर उकळणे हा क्रम ठेवा. जुने दाणे दिसायला सुंदर असतात, मुलांच्या हाती लागू देऊ नका, गटारातही ओतू नका. मिठाच्या पाण्याने घरी धुण्याचा सल्ला कुणी देईल. तो पाणी मऊ करणाऱ्या दाण्यांपुरता ठीक आहे, धातू धरलेल्या दाण्यांसाठी नाही.

पण या सगळ्याच्या आधी तपासणी. घरटी पाच-दहा हजारांचे यंत्र घेण्याआधी सगळ्या वस्तीने मिळून एकदा पाणी तपासून घेणे स्वस्त पडते. जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, शहरात महापालिकेची असते. तिथे ठरलेले शुल्क भरून सामान्य नागरिकालाही नमुना देता येतो. अर्जावर नुसते 'पाणी तपासणी' लिहू नका, कारण मग जंतू, क्षार आणि क्लोरिन एवढेच पाहून कागद मिळेल. 'शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा' असे धातूंचे नाव घेऊन लिहा, आणि तिथे ती सोय नसेल तर नमुना कुठे पाठवतात ते विचारा. गावोगाव वाटलेल्या हातकिटवर शिसे कळत नाही. बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, धातूंसाठी ती वेगळी तयार केलेली असते. शिशासाठी नमुना घ्यायचा तो रात्रभर नळ बंद राहिल्यावर पहाटे येणाऱ्या पहिल्या धारेचा, कारण रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यातच शिसे जास्त उतरते. थोडे पाणी वाहू दिल्यावर दुसरी बाटली भरा. पहिल्या बाटलीत शिसे जास्त आणि दुसरीत कमी निघाले तर दोष आपल्या जोडणीचा किंवा तोटीचा, आणि तो तोटी बदलून सुटू शकतो. दोन्हींत सारखेच निघाले तर दोष मागून येणाऱ्या पाण्याचा. मग वस्तीच्या सह्यांचा अर्ज आणि दोन्ही अहवालांच्या प्रती पाणीपुरवठा विभागाकडे द्यायच्या, आणि पोचपावती विहारातल्या कपाटात ठेवायची.